खून वाढलेत की खुनाच्या बातम्या?

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच विषय फिरून फिरून येतोय, मारामाऱ्या, कोयते, खून. म्हणून या अंकात तेवढंच घेतलंय. सातबाऱ्याची दुरुस्ती आणि गुलाबावरचा मावा पुढच्या वेळी, ज्यांनी ते विचारलंय त्यांनी जरा सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार साहेब, मी बँकेतून रिटायर झालोय, विश्रामबागला राहतो. सकाळी चहाच्या आधी मोबाईल उघडला की पहिली बातमी खुनाचीच. कुपवाडला खून, मिरजेत वार, कराडला भरचौकात राडा. आमच्या नोकरीच्या काळात, म्हणजे नव्वदच्या आसपास, सांगली किती शांत होती, वर्षातून एखादा खून व्हायचा आणि लोक महिनाभर त्यावर बोलायचे. एवढी गुन्हेगारी अचानक कशी काय वाढली?

साहेब, शांत होती हे एक वेळ मान्य, पण वर्षातून एखादा खून हे काही मान्य नाही बुवा, कारण त्याच काळात मी सांगलीत एका दैनिकासाठी क्राइम बघत होतो. तेव्हा काम कसं चालायचं ते सांगतो. संध्याकाळी सात-साडेसातला एकेका पोलीस स्टेशनला फोन फिरवायचा, ठाणे अंमलदार ओळखीचा असला तर डायरी बघून सांगायचा, "काय विशेष नाही, दोन एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्हे), एक अपघात." जत-आटपाडीकडचं काही असलं तर तिथला वार्ताहर एसटीतून पाकीट पाठवायचा, ते वेळेत पोचलं तर बातमी उद्या, नाहीतर परवा, आणि पाकीट ड्रायव्हरच्या सीटमागं राहिलं तर कधीच नाही. बांधावरून भावाभावात झालेला खून आतल्या पानावर सिंगल कॉलम जायचा. साताऱ्याची पानं सांगलीत यायची नाहीत, सांगलीची साताऱ्यात जायची नाहीत. म्हणजे फलटणला काय घडलं ते तुम्हाला विश्रामबागेत कळायचं कारणच नव्हतं. आणि वाळवा तालुक्यातल्या बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांचे किस्से तुम्हीही ऐकले असतीलच की, वर्षानुवर्षं डोंगरात राहून पोलिसांना गुंगारा दिलेला माणूस, खुनाचे गुन्हे अंगावर असलेला. तो सगळा इतिहास आपल्या त्याच "शांत" काळातला आहे.

आता आकडे बघू. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद एनसीआरबी ठेवते, केंद्राच्या गृह खात्याखालची संस्था. त्यांच्या अहवालाप्रमाणे १९९२ साली देशात खुनाचे ४० हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले. २०२२ साली किती? २८,५२२. २०२३ ला अजून थोडे खाली, २७,७२१. मधल्या तीस वर्षांत लोकसंख्या केवढी वाढली, ती धरली तर एक लाख लोकांमागे तेव्हा साडेचारच्या वर खून होते आणि २०२२ ला २.१, म्हणजे निम्म्याहून कमी. महाराष्ट्रात २०२२ ला २,२९५ खून झाले, संख्येत आपण उत्तर प्रदेश आणि बिहारच्या मागं तिसरे, म्हणून हेडलाइन तशी होते, पण लाखामागचा दर १.८, देशाच्या सरासरीच्या खाली. हे दुसरं वाक्य हेडलाइनमध्ये कधी येत नाही.

मग रोज सकाळी खून का दिसतो? साधा हिशोब करू, पाहिजे तर कॅल्क्युलेटर घ्या. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार. राज्याचा १.८ चा दर जसाच्या तसा लावला (हा आपल्या जिल्ह्याचा खरा आकडा नव्हे, नुसता अंदाज) तर वर्षाला पन्नासेक खून, म्हणजे आठवड्याला एक. आता तुमच्या मोबाईलवर नुसती सांगली नाही, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे सगळंच येतं, या पाच जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या २ कोटी ३४ लाख. त्याच दरानं वर्षाला चारशेच्या वर खून, म्हणजे रोज एकापेक्षा जास्त. कुठंही काहीही वाढलं नाही तरी तुमच्या चहाच्या आधी रोज एक खून हजर होणार, कारण बातमीचं क्षेत्र एका गावावरून पाच जिल्ह्यांवर गेलंय आणि तुमच्या डोक्यातलं क्षेत्र मात्र अजून "आपल्याकडं" एवढंच आहे.

त्यात आणि एका खुनाच्या बातम्या किती होतात ते मोजा एकदा. घटना घडली ती एक, मग सीसीटीव्ही फुटेज आलं ती दुसरी, संशयित ताब्यात, मुख्य सूत्रधार फरार, मुख्य सूत्रधार जेरबंद, पोलीस कोठडी, नातेवाइकांचा मोर्चा, चार्जशीट. आमच्या वेळी दोन बातम्या व्हायच्या, खून झाला आणि निकाल लागला, आणि निकालाची तर कित्येकदा राहूनच जायची. आता प्रत्येक यूट्यूब चॅनेलवाला त्याच फुटेजला लाल गोल काढून "सांगली हादरली" म्हणतो. सांगली एवढ्या वेळा हादरली असती तर आयर्विन पूल जागेवर राहिला नसता.

प्रश्न : काका, मी कराडला कॉलेजला आहे. घरी म्हटलं की खुनाचे आकडे कमी झालेत तर पप्पा म्हणतात आकडे सगळे बोगस, पोलीस गुन्हाच नोंदवत नाहीत, एनसी करून पाठवून देतात. मग विश्वास कशावर ठेवायचा?

पप्पांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे.

खून लपवणं अवघड असतं. मयत असतो, पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेम होतं, गावात पोलीस पाटील असतो, नातेवाईक ठाण्याच्या दारात बसतात. अपघात किंवा आत्महत्या म्हणून एखादा खून खपून जातोही, नाही असं नाही, पण हजारोंच्या संख्येनं नाही. म्हणून गुन्हेगारी वाढली की कमी झाली हे बघायचं असेल तर मी आधी खुनाचा आकडा बघतो. बाकीच्या आकड्यांत लोक तक्रार करायला किती येतात आणि ठाण्यात ती कशी लिहून घेतली जाते, यावर सगळं अवलंबून. कानाखाली मारली, शिवीगाळ केली, धमकी दिली, म्हणजे जुन्या कायद्याच्या भाषेत कलम ३२३, ५०४, ५०६, की झाली एनसी, म्हणजे अदखलपात्र. त्याच भांडणात डोक्यात दगड घातला आणि हाड मोडलं तर कलम बदलतं, वार वर्मी असला तर ३०७, ज्याला आपण सगळे हाफ मर्डर म्हणतो. कुठलं कलम लागणार हे जखमेवर ठरतं, जबाबावर ठरतं, आणि खरं सांगायचं तर कधी कधी कोण कोणाला घेऊन ठाण्यात आलाय यावरही ठरतं. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात खुनाचं कलम १०३ आणि हाफ मर्डरचं १०९, पण लोकांच्या तोंडातनं खुनाचं जुनं ३०२ जायला अजून एक पिढी जाईल.)

आता उलटी बाजू. २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक. त्याच सुमारास आलं झीरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवा. नव्या कायद्यात ऑनलाइन तक्रारही देता येते, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. हे सगळं झालं की आकडे वाढणारच, आणि वाढले तर ती चांगली गोष्ट असू शकते. केरळचा गुन्ह्यांचा दर वर्षानुवर्षं देशात वरच्या राज्यांत असतो, म्हणून केरळात माणसं जीव मुठीत धरून राहतात असं कोणी म्हणत नाही, तिथं लोक ठाण्यात जातात आणि तक्रार कागदावर येते. एनसीआरबी स्वतःच्या अहवालात हे लिहून ठेवते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ते पान वाचतो कोण.

एक गंमत सांगतो, पप्पांना दाखव. २०२० साली देशातले एकूण गुन्हे एकदम २८ टक्क्यांनी वाढले. लॉकडाऊन होतं, सगळे घरात, चोऱ्या तर उलट कमी झालेल्या, मग वाढलं काय? कलम १८८, म्हणजे सरकारी आदेश मोडणं. २०१९ ला त्याचे २९,४६९ गुन्हे होते, २०२० ला ६,१२,१७९. म्हणजे विनाकारण गाडीवर फिरणारे, दुकान चोरून उघडणारे, असले सगळे "गुन्हेगार". "देशात गुन्हेगारीत २८ टक्के वाढ" ही हेडलाइन खोटी नव्हती, पण तिच्यावरनं घराला डबल कुलूप लावणारा माणूस फसला.

आणि खुनाचा आकडाही अगदी सोवळा नाही हं, हेही सांगायला पाहिजे. पोटात वार झालेला माणूस १९९० साली शिराळ्याच्या डोंगराकडच्या वाडीतनं जीपमध्ये घालून आणायचे तोवर खेळ खलास झालेला असायचा. २०१४ पासून १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे, रस्ते बरे आहेत, आणि मिरजेत तर १८९४ ला वॉन्लेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासनं डॉक्टरांचं गावच झालंय. तोच वार, तोच कोयता, पण माणूस जगला तर तो खून न होता हाफ मर्डर होतो. त्यामुळं खून निम्म्यावर आले म्हणजे मारहाणही निम्म्यावर आली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जीव घेणं कमी झालंय, एवढं नक्की.

प्रश्न : दादा, आम्ही कोरेगाव तालुक्यातले. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला पाठवायचं म्हणतोय पण रोज बलात्काराच्या बातम्या ऐकून तिची आजी नको म्हणते. आमच्या वेळी असलं काही नव्हतं असं त्या म्हणतात. काय करू?

ताई, आजींना सांगा की त्यांच्या वेळी बोलायची सोय नव्हती. २०१२ साली देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी ३३,७०७. एका वर्षात पुरुषजात एवढी बिघडली का? डिसेंबर २०१२ ला दिल्लीचं निर्भया प्रकरण झालं, २०१३ ला कायदा बदलला, बलात्काराची व्याख्या रुंदावली, तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली, लहान मुलांसाठी पॉक्सो त्याच्या थोडं आधी लागू झाला होता. बायका बोलायला लागल्या आणि ठाण्यात लिहून घ्यायला लागले. २०२२ चा आकडा ३१,५१६ आहे.

पण म्हणून निर्धास्त राहा असं काही मी म्हणत नाहीये, भीती कुठं ठेवायची ते बघा. नोंदलेल्या बलात्कारांत दरवर्षी नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, नात्यातला, शेजारचा, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. म्हणजे स्वारगेटच्या गर्दीची जेवढी काळजी तुम्ही करताय तेवढीच गावातल्या भावकीतल्या माणसांचीही करायला पाहिजे, आणि ती कोणी करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुठंतरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के निघाल्या, आणि मदत म्हणजे बहुतेक वेळा माहेर, पोलीस नव्हे. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे की बातम्या जास्त वाटत असल्या तरी या एका बाबतीत कागदावर येतं ते अजूनही फारच थोडं. मुलीला पुण्याला पाठवा. आणि जायच्या आधी तिच्याशी एवढं बोलून ठेवा की काही झालं तर पहिला फोन घरी करायला तिला भीती वाटणार नाही.

प्रश्न : जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, मुलं पळवणारी टोळी आली आहे, साधूच्या वेशात फिरतात, सावध राहा. खरं असेल तर लोकांना कळायला पाहिजे ना? पुढं पाठवू का?

नाही. अजिबात नाही. आणि जतमधनं हा प्रश्न यावा याचं मला जरा नवलच वाटलं, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये तुमच्याच तालुक्यात लवंगा गावात काय झालं ते एवढ्यात विसरलात? उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघालेले, वाटेत एका पोराला रस्ता विचारला, आणि मुलं पळवणारे म्हणून लोकांनी गाडीतनं ओढून काठ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. पोलिसांनी चौकशी केली तर साधू खरेच साधू. त्यांनी तक्रारही दिली नाही, गैरसमजातनं झालं म्हणाले आणि पुढं निघाले. व्हिडिओ व्हायरल झाला तेव्हा पोलिसांनी स्वतःहून गुन्हा दाखल केला आणि लोकांना अटक झाली.

आता नीट बघा, कोणी मोबाईलवर शूटिंग केलं नसतं तर चार माणसांना गावानं मारलं हा गुन्हा कुठल्याच आकड्यात आला नसता. आणि ज्या टोळीच्या भीतीनं मारलं ती टोळी मुळात नव्हतीच. न घडलेल्या गुन्ह्याची बातमी गावभर झाली, आणि घडलेला गुन्हा कागदावर यायचा राहणार होता.

ते साधू वाचले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं, पोट भरायला गाव सोडून फिरणारी माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

"पण मुलं हरवल्याचे आकडे तर मोठे आहेत" असं कोणीतरी ग्रुपवर म्हणेलच, तर तेही ऐका. मे २०१३ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं हरवलेल्या अल्पवयीन मुलाची तक्रार आली की अपहरण धरूनच गुन्हा नोंदवायचा असतो. मार्क कमी पडले म्हणून मामाकडं पळालेला पोरगा आणि सतराव्या वर्षी प्रेमात पडून घर सोडलेली पोरगी, दोघंही त्याच आकड्यात. नियम चांगला आहे, शोध लगेच सुरू होतो, पण आकडा वाचताना झोळीवाला डोळ्यापुढं आणू नका. अनोळखी माणूस संशयास्पद वाटला तर ११२ ला फोन करा, हात लावू नका, आणि ग्रुपवर टाकू तर नकाच नका.

प्रश्न : इस्लामपूर परिसरातले आम्ही. ते सगळं ठीक आहे, पण मिसरूड न फुटलेली पोरं कोयता घेऊन रील काढतात हे तर खोटं नाही ना? हे पूर्वी नव्हतं.

हे मात्र खोटं नाही. आणि इथं मी आकडे तोंडावर फेकून मारणार नाही, कारण देशात अल्पवयीन मुलांच्या हातून झालेले गुन्हे २०२१ ला ३१,१७० होते आणि २०२२ ला ३०,५५५, म्हणजे किंचित कमीच, पण तुमच्या गल्लीत जे दिसतंय त्याचं उत्तर त्यात नाही.

ऊसपट्ट्यात कोयता घरोघरी आहे, पूर्वीही होता, आणि भांडणात निघायचाही. फरक मला दोन ठिकाणी दिसतो. पूर्वीची भांडणं बांधाची, पाण्याची पाळी, भाऊबंदकी, ग्रामपंचायतीची निवडणूक, अशी वर्षानुवर्षं मुरलेली असायची. पेपरात "पूर्ववैमनस्यातून" म्हणतात ना, तेच. आजही खुनाच्या कारणांत वाद आणि वैर हेच वर आहेत, २०२२ ला देशात ९,९६२ खून वादातनं झाले आणि ३,७६१ वैरातनं, पैशासाठी किंवा फायद्यासाठी त्यापेक्षा बरेच कमी, १,८८४. पण आता त्या वादात "स्टेटसला माझ्याविरुद्ध का टाकलं" आणि "माझ्याकडं बघून का हसला" हेही आलंय. दुसरं म्हणजे पूर्वी भांडण करणारा लपायचा, आत्ताच्या पोराला दिसायचं असतं. ज्याला दिसायचं असतं त्याला आपण बघून मदत करतो, तडीपार झालेल्या "भाऊ"च्या बर्थडेचा बॅनर चौकात लागतो आणि खाली शुभेच्छुक म्हणून शहाण्यासुरत्यांची नावं असतात. पोलीस मोक्का लावतात, तडीपार करतात, करायलाच पाहिजे, पण सोळा वर्षांच्या पोरावर तो काय लावणार, त्याची केस बाल न्याय मंडळापुढं जाते आणि गंभीर गुन्हा असला तर सोळाच्या पुढच्याला मोठ्यांसारखं चालवता येतं, २०१५ च्या कायद्यानं. या पोरांचं प्रमाण किती वाढलंय हे सांगायला माझ्याकडं भरवशाचा कागद नाही, पण हिंसा मिरवायची लाज गेलीये, हे मला पटतं. तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्याचं, ठाण्याचं खरं काय ते आम्हाला कुठं बघता येईल? (वाई)

एनसीआरबीच्या वेबसाइटवर "क्राइम इन इंडिया"चे जुने-नवे सगळे अहवाल फुकट आहेत, फक्त उशिरा येतात, २०२२ चा डिसेंबर २०२३ मध्ये आला. राज्याचा वेगळा अहवाल पुण्याहून सीआयडी काढते. ठाण्याचं बघायचं तर महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर एफआयआर बघता येतात, २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळं त्या चोवीस तासांत टाकायच्या असतात, महिला आणि मुलांवरच्या अत्याचाराच्या किंवा तशा नाजूक सोडून. तिथं बसून महिनाभराच्या वाचल्या की कळतं की आपल्या ठाण्यात सगळ्यात जास्त काय चालतं. बहुतेक ठिकाणी अपघात, मोटारसायकल चोरी, दारू आणि जुगार, मारामारी.

फक्त एका वर्षाची तुलना मागच्या वर्षाशी करू नका. जिल्ह्यात खून पन्नासचे अठ्ठावन्न झाले की "१६ टक्के वाढ" अशी बातमी होते, आणि ते आठ एखाद्या जुन्या वैरातनं आणि एका वाईट महिन्यातनं आलेले असू शकतात. निदान पाच वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडा, शक्यतो खुनाचे आणि हाफ मर्डरचे दोन्ही, आणि २०२४ च्या पुढचे बघताना कलमं बदललीत ते ध्यानात ठेवा. मांडून झालं की आमच्याकडं पाठवा, सातारा जिल्ह्याचा तक्ता नीट आला तर छापू.